पिंपरीहून मोशीला, देहूमार्गे

संध्याकाळी आमच्या गॅलरीतून एक बस सुटायची.

बस म्हणजे दोन खुर्च्या, एकामागे एक. मागची चाकांची, तिच्यात माझे वडील, म्हणजे आबा. पुढची जेवणाच्या टेबलाची, तिच्यावर मामा. मामांच्या हातात आमची कणीक मळायची परात असायची. ती दोन्ही हातांनी उभी धरून ते सावकाश वळवायचे, आणि सातव्या मजल्यावरची आमची गॅलरी मोशीच्या आकाशातून निघायची. नेमकी तेव्हाच माझी बायको कणीक मळायला घ्यायची. स्वयंपाकघराच्या दारात ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की मामा आरशात बघावं तसं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून म्हणायचे, "ताई, पुढच्या स्टॉपला देतो परात. मधी थांबता येत न्हाई."

मामांना मी पैसे देऊन घरी आणलं होतं. हे वाक्य मला आजही सरळ लिहिता येत नाही. स्वतःच्या बापाला आंघोळ घालायला, जेवू घालायला मी ब्युरोतून माणूस मागवला. मी चाकणला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. माल भरलेली गाडी ठरल्या वेळेला ग्राहकाच्या गेटवर पोचली पाहिजे, एवढंच माझं काम, आणि त्यापायी मी सकाळी जायचो तो दिवेलागण उलटून गेल्यावर यायचो. बायकोची शाळेची नोकरी. आजूबाजूच्या घरांमध्येही अशी माणसं येत होती, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला मात्र लिफ्टमध्ये कुणी "आबा कसे आहेत?" असं विचारलं तरी चोरी पकडल्यासारखं व्हायचं.

ब्युरोच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "अनुभवी माणूस पाठवते." अनुभव होता, पण बस चालवण्याचा. मामा मूळचे लातूरकडचे. उभं आयुष्य त्यांनी कंपन्यांच्या बस चालवल्या, पहिल्या शिफ्टची अर्धवट झोपलेली माणसं गोळा करून गेटवर नेऊन सोडली. डोळ्यांनी दगा दिला तशी ठेकेदाराने त्यांना घरी बसवलं. चिखलीत मुलीकडे एका खोलीत राहायचे. मुलीच्या ओळखीने ब्युरोत लागले. ब्युरोने दिलेला निळा एप्रन ते खाकी पँटवर घालायचे. आमच्याकडे होते तोवर खाकी सोडली नाही.

बेल त्यांनी कधी वाजवली नाही. दारावर तळहाताने दोनदा थाप मारायचे, बसच्या पत्र्यावर मारतात तशी. आत आले की आधी चाकांच्या खुर्चीभोवती एक फेरी, मग दोन्ही चाकांना बुटाच्या टोकाने हलकी ठोकर. "हवा ठीक हाय," असं आबांना सांगायचे. त्या चाकांत हवा नसतेच, ती भरीव रबराची असतात, हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "असं कसं, सायेब. चाक म्हणलं की हवा बगायची." त्यानंतर मी चाकांचा विषय काढला नाही.

खुर्ची मागे घेताना ते स्वतःच स्वतःला "येऊ द्या, येऊ द्या, बास" म्हणायचे. सकाळच्या उन्हात आबांना खाली नेलं की खुर्ची पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधे, रिव्हर्स घेऊन लावायचे. त्यावरून वॉचमनशी त्यांचं रोज वाजायचं.

"ही जागा गाड्यांची आहे, मामा."

"मग ही काय बैलगाडी हाय का?"

"अहो, पेशंटची खुर्ची आहे ती."

"पेशंट कुणाला म्हणतो? प्याशिंजर हायेत ते."

आबा पट्ट्यांच्या मधे बसून दोघांकडे आलटून पालटून बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. आबा हसतात हे मला वॉचमनकडून कळलं.

दसऱ्याला मामांनी खुर्चीची पूजा केली. कंपनीत मशीनची करतात तशी. चाकं पुसली, कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचा हार हँडलवरून सोडला, लिंबू बांधलं. आबा खुर्चीतच होते. मामांनी त्यांच्याही कपाळाला कुंकू लावलं, आणि हार जरा लांब पडला म्हणून त्याचं एक टोक त्यांच्या गळ्यात. फोटो काढता काढता मी मोबाइल खाली घेतला. माझ्या मनात भलतंच आलं होतं. माझा चेहरा बघून मामा म्हणाले, "गाडीला हार घालतात सायेब, गाडी चालू असंल तवा."

बाकी कामात मामा यथातथाच होते. गोळ्या विसरायचे. नखं काढताना आबांच्या बोटाला एकदा रक्त आणलं आणि दिवसभर माझ्या बायकोपासून तोंड लपवत फिरले. चहा बशीतून प्यायचे आणि त्याला स्टॉप म्हणायचे, हे स्टॉप फार असायचे. बायको म्हणायची, "यांना सांभाळायला दुसरा माणूस ठेवायला पाहिजे." आता ते वाकडकडे एका आजींकडे जातात असं ऐकतो. तिथे बोट चालवतात की विमान, कुणास ठाऊक.

पण ती संध्याकाळची बस होती म्हणून आम्ही सगळं चालवून घेतलं. त्याचं कारण सांगायला हवं.

आम्ही मूळचे मोशीचेच. आबांनी शेती केली आणि पिंपरीच्या कंपनीत नोकरीही केली. गावठाणातलं आमचं घर रस्ता रुंद होताना गेलं आणि आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. आई असेपर्यंत सगळं ठीक होतं. ती गेली, आणि आबांची आठवण धुतलेल्या कापडासारखी विरत गेली. दिवसभर शांत असायचे. दिवे लागले की उठायचे.

"चला, घरी जायचंय."

"आबा, हेच घर आहे आपलं."

"न्हाई. हे न्हाई."

हे ते रागाने म्हणायचे नाहीत. पाहुणचार पुरे झालेल्या माणसासारखे नम्रपणे म्हणायचे, आणि तेच मला सोसायचं नाही. दोनदा खाली उतरून गेले. एकदा हायवेच्या कडेला सापडले. मग आधीच्या अटेंडंटने दाराला कडी घातली, आबा त्याच्याशी झटापट करताना पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशननंतर खुर्ची आली, पण संध्याकाळी जायचं काही थांबलं नाही. खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठायला बघायचे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणखी एकदा पडले तर पुन्हा उठणार नाहीत.

माझी बहीण पिंपळे सौदागरला असते. तिने तळेगावच्या बाजूला एक केंद्र बघून ठेवलं होतं. "दादा, तिथं चोवीस तास माणसं असतात. आबांना सोबत तरी मिळेल. इथं सातव्या मजल्यावर कोण आहे त्यांना?" तिचं चूक नव्हतं. आमचं ठरलं होतं: दिवाळीपर्यंत हे उठणं थांबलं नाही तर न्यायचं. मोशीबाहेर कधी राहिलेला नाही असा तो माणूस. मी होकार दिला, आणि त्याच आठवड्यात मामा आले.

पहिल्या संध्याकाळी मी सुट्टीवर होतो. आबा दांड्यांवर हात टेकून म्हणाले, "चला, घरी जायचंय."

मामा बशी खाली ठेवून म्हणाले, "चला की. कुटं उतरायचं?"

"मोशी."

"बसा मग. बसल्याबिगर गाडी हलत न्हाई."

आबा बसले. किती दिवसांत कुणी सांगितल्यावर ते बसले नव्हते. मामांनी इकडे तिकडे बघितलं, ओट्यावरून परात उचलली आणि पुढे खुर्ची ओढली.

मला ते आवडलं नाही, मी तिथून उठून खाली गेलो. ज्या माणसाने मला बोटाला धरून चालवलं त्याला पोरासारखं खेळवायचं? नंतर मामांना बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, आबांना खोटं सांगू नका."

"खोटं काय सांगितलं? मोशीला चाललाव म्हणलं. मोशीतच हावोत की."

बस पिंपरीहून सुटायची. पिंपरीहून मोशीचा सरळ रस्ता नाशिक फाट्यावरून, भोसरीवरून. मामा मात्र उलटीकडे काढायचे. चिंचवड, आकुर्डी, निगडी, तिथून देहू, मग तळवडे, चिखली, आणि शेवटी मोशी. गावाला वळसा घालून घरी यावं तसं. प्रत्येक स्टॉपचं नाव ते मोठ्याने घ्यायचे, मग परात स्थिर धरून बराच वेळ गप्प बसायचे. आबाही गप्प. मग आबाच म्हणायचे, "हां, चल." कंपनीतून लवकर सुटलो की मी आतल्या खोलीत बसून ते ऐकायचो. समोरच्या टॉवरच्या खिडक्या एकेक करून उजळत जायच्या. पलीकडे इंद्रायणीची अंधुक रेघ, तिच्यावर पांढुरकं काहीतरी तरंगायचं, धूर की धुकं ते कळायचं नाही. चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांचे दिवे एका दोरीत ओवल्यासारखे सरकत असायचे. त्या सगळ्यात मामांचा आवाज, "आकुर्डी. आकुर्डी." आणि मग ती शांतता. मला वाटायचं, खरंच कुणीतरी मला उचलून हळूच कुठेतरी नेतंय. काही वेळा मलाच डुलकी लागायची.

देहू सुटलं की तळवड्याच्या आधी आबा झोपायचे. मोशी कधी यायचंच नाही. मामा परात न हलवता तसेच बसून राहायचे. माझी बायको पावलं न वाजवता यायची आणि त्यांच्या हातातून ती अलगद काढून घ्यायची. आबा जागे व्हायचे तेव्हा जायची वेळ टळून गेलेली असायची. मुकाट्याने जेवायचे.

मी मामांना विचारलं होतं, "एखाद्या दिवशी झोपले नाहीत तर? मोशी आलं तर काय करणार?"

"ते काय म्या ठरवलं न्हाई," ते म्हणाले. "मला तसाबी शेवटचा स्टॉप आवडत न्हाई. सगळी उतरून जातात. मग मोकळी गाडी घिऊन डेपोला जायचं. लई वंगाळ वाटतंय."

दिवाळी तोंडावर आली. बहीण तळेगावचं नाव काढेनाशी झाली होती. आणि मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ब्युरोने बदली माणूस दिला, तो संध्याकाळी लवकर जायचा. मी म्हटलं, बस मी चालवतो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतके दिवस पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम एकदा तरी आपल्या हाताने होईल.

कंपनीतून पळतच आलो. परात घेतली. आबा मागे बसले. आणि मी चाकणचा डिस्पॅचवाला, मला जो रस्ता येतो तोच मी धरला. नाशिक फाटा, भोसरी, मोशी. कुठे थांबायचं काम नाही. वाटलं, इतके दिवस या माणसाला कुणी घरी पोचवलंच नाही, आज मी पोचवतो.

"आबा, मोशी आलं. उतरा, आपलं घर."

आबा इकडे तिकडे बघू लागले. मग मागे बघितलं, रिकाम्या गॅलरीकडे.

"गाडी मागं घे."

"आबा, आलो की आपण घरी."

"मागं घे म्हणतो ना. ती समदी उभी हायेत तिकडं." आणि ते उठले. मी परात टाकून धावलो. पडता पडता त्यांना धरलं, पण कोपर ग्रिलला घासून सालटं निघालं. ते माझ्या हाताला हिसके देत होते आणि म्हणत होते, "सोड मला. कसला ड्रायव्हर तू? माणसं सोडून आलास?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही खुर्चीतून सारखे उठत राहिले, दिवे लागायचीही वाट बघितली नाही. बहीण आली, कोपराची पट्टी बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, आता बास. तुझ्या हातून पडले असते तर तू स्वतःला माफ केलं नसतंस." ते खरं होतं. मी केंद्रात फोन केला. परवा सकाळी आणतो म्हणालो. बायकोने आबांची बॅग भरायला घेतली. उद्या संध्याकाळी फोन करते, गाडी किती वाजता काढायची ते ठरवू, असं सांगून बहीण गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी दारावर दोन थापा पडल्या. मामा आले होते, काळा मोठा चष्मा लावून. विश्रांती घ्यायची सोडून मुलीशी भांडून आले होते. बॅग बघितली आणि चष्म्यासकट माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं.

"भोसरीवरून नेली?"

"हो. जवळचा रस्ता आहे."

"आन् आकुर्डीची माणसं?"

"कोणती माणसं?"

मामा स्टुलावर बसले. "सायेब, आकुर्डीला आबांच्या कंपनीतली दोघं चढतात. निगडीला त्यांचा धाकटा भाऊ. आन् देहूला तुमची आई असती. माहेराहून येती ना."

माझ्या आईचं माहेर देहू. कंपनीतले ते दोघं, माझा काका, आई, यांतलं कुणीही आता नाही.

"हे तुम्ही ठरवलंत?"

"म्या कशाला ठरवू? म्या पयल्या दिवशी सरळच काढली होती. आबाच म्हणले, देहूवरून घे, ती वाट बगत आसंल. मग थांबायला लागलो. माणूस दिसला तर थांबावं लागतंय." त्यांनी चष्मा सारखा केला. "तुमी चौघांला रस्त्यावर ठिवून आलाव. आबांनी घरी जाऊन काय करावं, मोकळ्या घरी?"

आबा दांड्यांवर हात टेकत होते.

"मामा, चला, आज तुम्ही चालवा. शेवटचं."

"न्हाई. डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, पंधरा दिवस गाडी हातात धरायची न्हाई."

"मामा, ही परात आहे."

"गाडी ती गाडी. तुमी चालवा, म्या मागं बसतो."

बायकोने परात आणून माझ्या हातात दिली. तिला कणकेचे सुके पापुद्रे चिकटले होते. मी बसलो. माझ्यामागे आबा, त्यांच्यामागे स्टुलावर काळा चष्मा लावलेले मामा. आबा माझ्या पाठीकडे संशयाने बघत असतील असं मला जाणवत होतं.

"देहूवरून घेतो, आबा," मी म्हणालो. दांड्यांची करकर थांबली.

आकुर्डीला मी थांबलो आणि लगेच निघायला लागलो. "घाई कामून करायलाव?" मागून मामा. "चढू द्या लोकान्ला." मी थांबलो. काय करायचं ते कळेना. मागे आबा कुणाशी तरी पुटपुटले, "डबा खाल्ला का रं?" आणि हसले. निगडीला मी न सांगता थांबलो. "धाकट्या, म्होरं सरक," आबा म्हणाले. काकांना ते असंच बोलायचे, मला ते मी लहान असतानाचं आठवलं.

देहू आलं. मी परात धरून बसलो. समोर खिडक्या, ट्रकांचे दिवे, नदीवरचं ते पांढुरकं.

"दिसती का?" आबांनी विचारलं.

खोटं सांगू नका असं मीच मामांना म्हणालो होतो. "दिसत नाही अजून."

"थांब मग. तिला येळ लागतो."

लागायचाच. माहेराहून निघताना आई उंबऱ्यावरून तीनदा परत फिरायची, कुणाला तरी काहीतरी सांगायचं राहिलेलं असायचं. आम्ही मुलं रिक्षात बसून कंटाळायचो. ती एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळत यायची, पिशवीतून गरम पोळ्यांचा वास यायचा. मी थांबलो. कंपनीत गाडी थांबली की मी मिनिटं मोजत बसतो. तिथे मात्र किती वेळ गेला याकडे माझं लक्षच नव्हतं. समोरच्या इमारतीतली एक खिडकी उजळली, तिच्यात कुणी बाई पडदा ओढताना दिसली आणि गेली.

मागे खुर्ची हलली. मी दचकून वळलो, उठले की काय म्हणून. आबा उठले नव्हते. ते खुर्चीतल्या खुर्चीत कडेला सरकत होते, मोडलेल्या खुब्यावर भार घेत, दुखत असणार तरी. शेजारी वीतभर जागा झाली. तिच्यावर त्यांनी हात फिरवला, धूळ झटकल्यासारखा.

मग मला म्हणाले, "चल. आता कुठंबी ने."

मी गाडी काढली. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. बहिणीचा. परात एका हातात धरून मी दुसरा हात खिशाकडे नेला.

"चालू गाडीत फोन न्हाई घ्यायचा," मामा म्हणाले.

मी हात परत परातीवर ठेवला. फोन बराच वेळ वाजून थांबला. तिला काय सांगायचं ते तोवर माझं ठरलं होतं, ते सकाळी सांगितलं तरी चालणार होतं. आबांची मान झोपेने खांद्यावर कलली होती. तळवड्याला मी वेग आणखी कमी केला.